एक्स-विंग की व्हॅल्किरी: टेबलावर कोणतं यान उतरवावं?

"मामा, एकच घ्यायचं आहे. कुठलं घेऊ?" भाचीने विचारलं आणि खाली जोडायच्या प्लास्टिक मॉडेलांच्या, म्हणजे किटांच्या, दोन डब्यांचे फोटो टाकले. एक बंदाई कंपनीचं १/७२ मापाचं, म्हणजे मूळ यानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं एक्स-विंग, दुसरं हासेगावा कंपनीचं त्याच मापाचं व्हीएफ-१ व्हॅल्किरी, विमानाच्या रूपातलं. तिने आजवर एकही किट जोडलेलं नाही, तेव्हा उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण दोन्ही यानांवर माझा जीव आहे, एका ओळीत भागेना.

आधी जागेचं बघू. कथेतल्या जुन्या, रूढ आकड्यानुसार एक्स-विंग १२.५ मीटर लांब आणि व्हीएफ-१ १४.२३ मीटर. ७२ ने भागलं की पहिलं साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास, दुसरं जेमतेम वीस. पुस्तकांच्या कपाटात दोन्ही मावतात, त्यामुळे जागेवरून निवड होणार नाही.

एक्स-विंग सगळ्यांच्या ओळखीचं. ते ज्यात झळकलं तो 'स्टार वॉर्स' चित्रपट १९७७ मध्ये आला. यानाचं मूळ रेखाटन कॉलिन कँटवेल यांचं, आणि ते त्यांना सुचलं ब्रिटिश पबमध्ये नेम धरून फेकल्या जाणाऱ्या डार्टवरून. एकदा हे कळलं की त्या लांब, टोकदार नाकात डार्टच दिसायला लागतो. चित्रीकरणासाठी जी मॉडेलं बनवली, त्यांच्या अंगावरचे बारीकसारीक पाइप आणि खटके बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिक किटांचे सुटे भाग चिकटवून केलेले होते. म्हणजे आपण विकत घेतो ते किटांच्या तुकड्यांतून जन्मलेल्या यानाचं किट! त्यावरच्या लाल पट्ट्यांचीही गंमत आहे. चित्रपटातली एक्स-विंगची तुकडी आधी निळी असणार होती. पण चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर, त्यात निळा रंग गायब व्हायचा, म्हणून तुकडी लाल झाली.

पण हवेत आणि अवकाशात, दोन्हीकडे उडणारं यान म्हणून त्याच्याकडे पाहिलं की प्रश्न सुरू होतात. स्पेशल इफेक्ट तयार होईपर्यंत जॉर्ज लुकास यांनी संकलनात दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई चकमकींची दृश्यं जोडून ठेवली होती, आणि एक्स-विंग तसंच उडतं. जिथे हवेचा कण नाही तिथेही वळताना स्पिटफायरसारखं अंग तिरकं करतं. उलट खऱ्या हवेत लागणारी सुकाणूची पाती त्याच्यावर शोधून दिसत नाहीत. गुरुत्वाकर्षणाला उलटवणारं यंत्र पोटात आहे, असं कथा सांगते आणि पुढे जाते. माझी तक्रार नाही. चार पंख फाकले की ते यान देखणं दिसतं, बस. मात्र त्याच्या दृष्टीने आकाश आणि अवकाश यांत फरक फक्त रंगाचा.

व्हीएफ-१ चं तसं नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानी टीव्हीवर 'मॅक्रॉस' मालिका सुरू झाली, तिच्यातलं हे विमान शोजी कावामोरी यांचं. त्यांनी पाया घेतला अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटचा: मागे-पुढे होणारे पंख, दोन शेपट्या, एकमेकांपासून अंतर राखून बसवलेली दोन इंजिनं. एवढंच काय, टॉमकॅटच्या 'जॉली रॉजर्स' तुकडीची कवटीसुद्धा शेपटीवर आली. या इंजिनांचेच पाय होतात, मागच्या नळकांड्यांची पावलं होतात आणि विमानाचा १२.६८ मीटर उंच यंत्रमानव उभा राहतो. मधलं एक रूपही आहे, विमानाला अचानक हातपाय फुटल्यासारखं. पहिल्यांदा पाहताना हसू येतं; चार भाग पाहून झाले की तेच आवडायला लागतं.

मला भुरळ पडली ती मात्र इंजिनाच्या हिशेबाची. आत अणुसंमीलनाची भट्टी आहे. वातावरणात असताना विमान समोरून हवा ओढतं, भट्टीत तापवतं आणि मागे फेकतं. फेकायला हवा फुकट, त्यामुळे विमान उडतच राहू शकतं. अवकाशात भट्टी तीच, पण फेकायला काही नाही. जे फेकायचं ते पोटात भरून न्यावं लागतं, आणि इतक्याशा पोटात भरून भरून किती भरणार? म्हणून अवकाशातल्या लढाईला जाताना पाठीवर दोन मोठे बूस्टर आणि पायांवर जादा टाक्या चढवतात. त्याला सुपर पॅक म्हणतात. नुसतं देखणेपणासाठी डकवलेलं वाटणारं ते लटांबर खरं तर रिकाम्या टाकीवरचा इलाज आहे. हा एक तपशील मला एक्स-विंगच्या सगळ्या रुबाबाहून मोठा वाटतो.

खऱ्या जगातही अडचण हीच आहे. अमेरिकेचं एक्स-१५ हे रॉकेट विमान १९५९ ते १९६८ या काळात १९९ वेळा उडालं. २२ ऑगस्ट १९६३ रोजी जो वॉकर त्यातून जवळपास १०८ किलोमीटर उंच गेले. तिथे हवा इतकी विरळ की नेहमीचं सुकाणू हलवून उपयोग शून्य, म्हणून नाकात आणि पंखांत हायड्रोजन पेरॉक्साइडचे छोटे झोत बसवले होते. हवेसाठी एक व्यवस्था, पोकळीसाठी दुसरी. आणि एवढं करून त्या विमानाचा सर्वाधिक वेग ताशी ७,२७४ किलोमीटर. पृथ्वीभोवती फिरत राहायला ताशी २८,००० च्या आसपास लागतो. तेव्हा खरेपणाच्या परीक्षेत आपली दोन्ही यानं नापासच. फक्त एकाने निदान पेपर सोडवायचा प्रयत्न केला आहे.

आता जोडणीकडे येऊ, कारण खर्च होणार तो तिथे. बंदाईच्या डब्याला गोंद लागत नाही. भाग खटक्यांनी बसतात, प्लास्टिकच वेगवेगळ्या रंगांत येतं. भाग कापायला चांगला निपर, बारीक पॉलिश पेपर आणि एक रविवार एवढ्यात यान उभं राहतं. पंख उघडता-मिटता येतात. घरी आलेलं प्रत्येक पोर आधी तेच करतं. डब्यात स्टिकर आणि पाण्यात भिजवून लावायची डेकल्स दोन्ही असतात. हात थरथरले तरी डेकल्सच लावा. स्टिकरची कड उजेडात चमकते आणि मग कायम तिथेच नजर जाते. शेवटी पॅनलच्या खाचांत पातळ काळा रंग सोडायचा आणि वर आलेला पुसून घ्यायचा. एवढ्याने प्लास्टिक खेळण्यासारखं दिसायचं थांबतं.

हासेगावाचा डबा वेगळ्या स्वभावाचा. आधी एक गैरसमज काढून टाका: हे मॉडेल रूप बदलत नाही, विमान ते विमानच राहतं. त्याला गोंद लागतो, रंग लागतो आणि सगळ्यात जास्त लागतो धीर. नळकांड्यांची दोन अर्धुकं चिकटवली की मधली शिवण भरून, घासून नाहीशी करायची, तीही दोन्ही बाजूंना सारखी. त्यात रंग पांढरा. एक केस, धुळीचा एक कण लपत नाही. माझं पहिलं व्हीएफ-१ मी ऐन जुलैत पूर्ण केलं, ठाण्यात, बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून. मॅट वार्निशचा फवारा मारला आणि दमट हवेने शेपटीच्या काळ्या रंगावर दुधाची साय धरावी तसा थर आला. कोरड्या दिवशी पुन्हा हात मारून बराचसा गेला, डाव्या शेपटीवर अजून दिसतो. बंदाईवर फवारा मारायचाच नसल्याने पावसाळा त्याच्या वाट्याला जात नाही. हा फायदा कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो.

ओळखीचा मुद्दा एका दमात उरकतो. एक्स-विंग पाहून पाहुणा नाव सांगतो, व्हीएफ-१ पाहून "हे एफ-१४ का?" विचारतो. 'मॅक्रॉस' जपानबाहेर 'रोबोटेक' या अवतारात १९८५ साली गेलं आणि हक्कांचं भांडण एप्रिल २०२१ मधल्या करारापर्यंत रेंगाळलं, त्याचा हा परिणाम. दोन्ही डबे जपानहून येतात, तेव्हा किमतीत कस्टम धरून चाला आणि गोंद, प्रायमर (रंगाआधीचा थर), रंग, ब्रश हा खर्च फक्त हासेगावाच्या नावावर मांडा. नवख्यासाठी तो डब्याच्या किमतीच्या पुढेही जाऊ शकतो.

म्हणून भाचीला उलट विचारलं: तुला 'पहिलं' घ्यायचंय की 'एकच'? पहिलं असेल तर डोळे मिटून एक्स-विंग. त्यात बिघडण्यासारखं फारसं नाही, आणि रविवारी संध्याकाळी हातात काहीतरी पूर्ण झालेलं असतं. पण खरोखर आयुष्यात एकच करणार असशील तर व्हीएफ-१ घे, दिवाळीनंतर सुरू कर, तीन महिने लागले तरी लागू दे. एक शिवण वाकडी गेली तरी ते यान तुझं असेल, डब्यातून आलेलं नव्हे.

दोन दिवस काही उत्तर नाही. मग काल रात्री मेसेज: "मामा, तुझ्याकडे बारीक ब्रश कुठल्या नंबरचे आहेत?"