अठरा फुटी होडीला नांगर कुठला घ्यावा? आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमची होडी अठरा फुटी, फायबरची, मागे तीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. वापर सुट्टीपुरता. दाभोळ खाडीत गळ टाकून बसणं, भरती-ओहोटीचा अंदाज घेऊन कधी मुखाबाहेर जाणं, थंडीत एखादी रात्र पाण्यावर काढणं. सोबत बहुतेक वेळा बायको आणि मुलगी, कधी चुलतभाऊ. होडी घेताना इंजिनाची चौकशी तीन महिने केली. नांगराची पाच मिनिटंसुद्धा केली नाही. होडीबरोबर जुना चार आकड्यांचा नांगर आला होता, सळया वाकवून वेल्डिंग केलेला, आपल्या किनाऱ्यावर सगळीकडे दिसतो तसा. त्याला पंचवीस मीटरचा हिरवा प्लॅस्टिकचा दोर बांधला होता. साखळी नव्हतीच.

आधीच्या हंगामात मार्च महिन्यात एका दुपारी मुखाबाहेर इंजिन बंद पडलं. पेट्रोलच्या फिल्टरमध्ये पाणी आलं होतं. त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा कसा भरतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. होडी सरळ टाळकेश्वरच्या दीपगृहाखालच्या कातळांकडे निघाली. नांगर टाकला, सगळा दोर सोडला. तळाला रेती होती. दोरावर हात ठेवला तर आतून खरखर लागत होती, म्हणजे नांगर रेतीत नुसती रेघ ओढत आमच्यामागून येत होता. कातळ जवळ येत गेला, लाट फुटताना पांढरं पाणी दिसायला लागलं. मुलीने माझा शर्ट मागून घट्ट धरला होता. शेवटी तळ खडकाळ झाला, एक आकडा कुठल्यातरी कपारीत अडकला आणि होडी गर्रकन फिरून थांबली. मासेमारीच्या एका बोटीने येऊन आम्हाला ओढून नेलं. नांगर निघालाच नाही, दोर कापून सोडून द्यावा लागला.

धक्क्यावर त्या बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, त्यांनी एकच विचारलं, "पाणी किती होतं?"

"सहा-सात मीटर असेल."

"आणि दोर?"

"पंचवीस मीटर."

"साखळी?"

"नाही."

"मग नांगर टाकलाच नाहीत तुम्ही. लोखंड लोंबकळत ठेवलंत."

ते रागाने बोलले नव्हते, पण मला ते फार लागलं. त्या उन्हाळ्यात मी नांगर या विषयात शिरलो. आत्ता हे लिहितोय ते ऑक्टोबर ते मे असा पुरता हंगाम नवा नांगर वापरून झाल्यावर. लहान होडी घेणाऱ्या प्रत्येकाने इंजिनाच्या आधी याची चौकशी करावी असं मला मनापासून वाटतं, कारण इंजिन बंद पडलं की होडीला ब्रेक म्हणून एवढंच उरतं.

पहिला समज गेला तो वजनाचा. आपल्याला वाटतं जड नांगर होडीला धरून ठेवतो. लहान होडीचा नांगर पाच-दहा किलोचा, आणि भरल्या वाऱ्यात होडीची ओढ त्याच्या कितीतरी पट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. एवढ्याला नुसतं वजन कसं पुरणार? नांगर धरतो तो तळात रुतून, आणि रुततो तो ओढ आडवी असली तरच. दोर आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि प्रत्येक लाटेला नांगर उचकटतो. म्हणून दोर लांब हवा, आणि नांगराजवळ साखळी हवी, म्हणजे दांडा तळाशी पडून राहतो.

मी मुंबईत दारूखान्याच्या जहाजी सामानाच्या बाजारातून दोन पात्यांचा, घडी होणारा सात किलोचा जस्त चढवलेला नांगर आणला. याला सगळे डॅनफोर्थ म्हणतात. रिचर्ड डॅनफोर्थ या अमेरिकन माणसाने काढलेली ही घडण दुसऱ्या महायुद्धात सैनिक उतरवणाऱ्या बोटींवर वापरली गेली. बोट किनाऱ्याला लागायच्या आधी मागून नांगर सोडायचा, आणि परतताना त्याच्यावर जोर घेऊन बोट रेतीतून मागे ओढून काढायची. हे वाचल्यावर हलका नांगर एवढं कसं धरतो हा प्रश्न मला उरला नाही. पाती दांड्याशी साधारण बत्तीस अंशांचा कोन करतात आणि ओढ बसली की फावड्यासारखी रेतीत घुसतात.

त्याच्यामागे आठ मिलिमीटरची सहा मीटर साखळी आणि बारा मिलिमीटरचा साठ मीटर नायलॉनचा दोर. साखळीला नांगरापेक्षा जास्त पैसे गेले. दुकानदार म्हणाला, दोन मीटर पुरेल. त्याचं ऐकलं नाही हे बरं झालं. या जाडीची साखळी मीटरला साधारण एक किलो चारशे ग्रॅम भरते, म्हणजे सहा मीटरचे आठ किलोच्या वर. नांगराहून साखळी जड आहे आणि तशीच हवी. नायलॉन अशासाठी की तो ताणला जातो, लाटेचा झटका नांगरापर्यंत पोचायच्या आत दोरातच जिरतो. आधीचा हिरवा दोर ताणही खात नव्हता आणि पाण्यावर तरंगायचा. तो एकदा इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला गेला होता, तेव्हा पाण्यात उतरून सुरीने सोडवावा लागला. तरंगणारा दोर नांगराला बांधू नका.

किती दोर सोडायचा याचं गणित आता आम्ही तोंडी करतो. ओहोटीला चार मीटर पाणी. उधाणाला ते दोन-अडीच मीटर चढणार. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून अर्धा मीटर वर. बेरीज सात. शांत दिवसाला त्याच्या पाचपट म्हणजे पस्तीस मीटर, वारा असेल किंवा रात्र काढायची असेल तर सातपट म्हणजे एकोणपन्नास. बहुतेक लोक भरतीचं पाणी धरत नाहीत. ओहोटीला नांगर टाकून जेवायला बसतात आणि तीन तासांनी होडी हललेली असते. दोरावर दर पाच मीटरला लाल सुताचे वेढे घातलेत. रात्री डोळ्याला दिसले नाहीत तरी बोटांना लागतात.

भरतीची वेळ काढायला आजोबांनी शिकवलेला हिशेब अजून उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण पाणी कधी फिरणार एवढं कळतं. आणि नांगर टाकून बसणाऱ्याला तेच कळायला हवं.

कारण या नांगराची खरी खोड तिथेच आहे. डिसेंबरमधल्या एका रात्री आम्ही खाडीत आत, चिखलाच्या तळावर होतो. ओहोटीभर नांगराने दगडासारखं धरलं होतं. मग पाणी थांबलं, होडी सैल झाली, आणि भरती सुरू होताच ती उलट दिशेला गेली. नांगर उलटा ओढला गेला आणि सुटला. सुटला तर सुटला, पुन्हा आपोआप रुतायला हवा होता. रुतला नाही. मला जाग आली ती दोराच्या थरथरण्याने, कारण मार्चमधल्या त्या दिवसापासून मी दोराचा एक पदर पायाजवळ घेऊन झोपतो. नांगर वर काढून बॅटरी मारली तर पातं आणि दांडा यांच्या मधल्या फटीत मुठीएवढं कालव, त्याच्याभोवती काळा चिकट चिखल. पाती एका बाजूला अडकून बसली होती, हलतच नव्हती. पेचकसाने कालव उचकटून काढलं तेव्हा खट्कन पाती फिरली. तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हापासून नियम असा, की पाणी फिरायच्या वेळी कोणीतरी जागं असणारच. पाणी फिरून अर्धा तास झाला, किनाऱ्यावरच्या खुणा तपासल्या, मगच झोप. तुम्हाला रात्रभर बिनधास्त झोपायचं असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर न्यूझीलंडच्या रोक्ना किंवा फ्रान्सच्या स्पेडसारखे एकाच खोलगट पात्याचे नवे नांगर बघा. त्यांना बिजागरी नाही, त्यामुळे अडकायला काही नाही, आणि दिशा बदलली तरी ते बहुधा पुन्हा रुततात. गोव्यात मित्राच्या बोटीवर मांडवीत असा एक बघितला. पाणी दोनदा फिरलं, बोट जिथल्या तिथे. पण तो घडी होत नाही, आणि आमच्या होडीत त्याला ठेवायला नीट जागा नाही.

आता तळानुसार सांगतो. रेतीत हा नांगर उत्तम, मुखाजवळ याने मला एकदाही दगा दिलेला नाही. चिखलात चांगला, फक्त रुतायला वेळ द्यावा लागतो. टाकल्या टाकल्या इंजिनाचा जोर लावला तर मऊ चिखलातून लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो. पाच-सात मिनिटं थांबायचं, मग हळू मागे ओढ द्यायची. कातळावर मात्र साफ निरुपयोगी. पाती दगडावरून घसरतात. म्हणून कातळासाठी मी पुन्हा एक चार आकड्यांचा नांगर करून घेतलाच, त्या मार्चच्या दिवशी शेवटी आम्हाला त्यानेच धरलं होतं हे विसरून कसं चालेल? फक्त या वेळी त्याच्या बुडाला वेगळी बारीक दोरी बांधून वर पाच लिटरचा रिकामा कॅन सोडतो. नांगर कपारीत अडकला की ती दोरी ओढायची, तो उलट्या बाजूने सुटून येतो. एवढ्या साध्या गोष्टीने आतापर्यंत दोनदा नांगर वाचवलाय.

मालवणला होडी घेऊन जाणाऱ्यांना एक विनंती. तिथला समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे आणि तळाला प्रवाळ आहे. आकड्यांचा नांगर प्रवाळावर पडला की एका ओढीत जे मोडतं ते वाढायला कित्येक वर्षं लागलेली असतात. खाली स्वच्छ रेती दिसेल तिथेच टाका, नाहीतर तिथल्या माणसांना विचारून बांधायची जागा बघा.

नांगर टाकायची आमची रीत आता ठरली आहे. वाऱ्याकडे किंवा पाण्याच्या ओढीकडे तोंड करून होडी थांबवायची. नांगर भिरकावायचा नाही, हाताने तळाला टेकवायचा, नाहीतर साखळी त्याच्याच अंगावर ढीग होऊन पडते आणि पात्यांना गुंतते. मग होडी मागे जाईल तसा दोर सोडत जायचा, आणि शेवटी इंजिनाने मागे ओढून बघायचं. त्या वेळी तळवा दोरावर ठेवायचा. नांगर घसरत असेल तर आतून कुरकुर येते, रुतला असेल तर दोर ताठ आणि मुका होतो. हे एकदा हाताला कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही. माझ्या मुलीला माझ्याआधी कळतं. खुणा बघायचं कामही तिचंच. अंजनवेलच्या वीजप्रकल्पाची चिमणी आणि अलीकडचा एखादा माड एका रेषेत धरायचा, दुसऱ्या बाजूला दाभोळच्या मशिदीचा घुमट आणि धक्क्याचं टोक. दोन्ही जोड्या जुळून राहिल्या म्हणजे होडी जागेवर आहे. मासेमारी करणारे आपल्या जागा अशाच लक्षात ठेवत आलेत.

आणि नांगर कधीही मागून बांधू नका. मासे लागत असतात, आळस येतो, दोर मागच्या कड्याला अडकवला जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आउटबोर्डसाठी मागची फळी खाली कापलेली असते. ओढ मागून बसली की ती बाजू आणखी दबते आणि दोन-तीन लाटांत होडी पाण्याने भरते. नांगर नाळेलाच, आणि दोराचं दुसरं टोक होडीला आधीच पक्कं बांधलेलं. साठ मीटर दोर सोडून टोक हातातून निसटलेली माणसं मला माहीत आहेत.

काढताना ताकद लावायची नाही. होडी नांगराच्या बरोबर वर आणायची, दोर उभा करून बांधून टाकायचा आणि लाटेला काम करू द्यायचं. नाळ वर उचलली गेली की नांगर सुटतो. चिखलात दोन रात्री राहिला होता तेव्हा असं करायला वीस मिनिटं लागली, पण कंबर शाबूत राहिली. साखळीबरोबर काळा, कुजकट वासाचा चिखल येतो, त्यासाठी बादली आणि घासायला नारळाची चोडं, म्हणजे सोललेल्या साली, जवळ ठेवतो.

आठ महिन्यांनंतर पात्यांच्या टोकांवरचं जस्त गेलंय, तिथे गंज दिसतो. साखळीची तळाला घासणारी पहिली मीटरभर लांबीही तशीच. बाकी अंग चांगलं आहे. जानेवारीत एकदा नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची, म्हणजे शॅकलची, पिन दोन आटे सुटलेली सापडली. आणखी दोन-तीन फेऱ्यांत नांगर समुद्रात राहिला असता. तेव्हापासून पिनीच्या भोकातून तार ओवून पिळून टाकतो आणि दर वेळी टाकायच्या आधी बोटाने चाचपतो. स्टेनलेस स्टीलची शॅकल चमकते म्हणून घेऊ नका, खाऱ्या पाण्यात ती साखळीवरच्या जस्ताला खाते. साखळीला पीळ पडू नये म्हणून मध्ये लावतात ती फिरकी मी मुद्दामच लावली नाही. एवढ्या लहान होडीला तिची गरज पडली नाही, आणि तुटायची एक जागा कमी झाली.

आता होडी वर काढली आहे. साखळी गोड्या पाण्याने धुऊन अंगणात पसरली आहे, दोर उलटा केलाय, म्हणजे साखळीकडचं घासलेलं टोक पुढच्या वर्षी होडीकडे येईल. नारळी पौर्णिमेनंतर नवी शॅकल लावायची आणि साखळीत आणखी दोन मीटर वाढवायची असं ठरवलंय. चाचांना दाखवली तेव्हा त्यांनी एक कडी बोटांत धरून फिरवली आणि म्हणाले, "दोन नको, चार वाढवा."