‘२० वॅट’चा लेझर आणि डब्यातला दोन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर

घरी लेझर कटिंगचं मशीन जुळवायच्या विचारात जे कुणी असतील, त्यांनी लेझर मॉड्यूलचे, म्हणजे कापणारा किरण सोडणाऱ्या भागाचे, पैसे पाठवण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय. आमचे १५,५०० रुपये गेले. त्यातले १३,५०० मॉड्यूलचे आणि २,००० नंतर ‘टोकन’ म्हणून दिलेले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की वहिनींनी ज्यांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या त्यांच्यापुढे त्यांना मान खाली घालावी लागली.

वहिनी गणपतीचे मखर करतात. पूर्वी थर्माकोलचे करायच्या. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा आणि तीन एमएमचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. नक्षीचे भाग बाहेरून लेझरवर कापून आणायचे आणि घरी खाचांत खाचा बसवून जोडायचे. कटिंगचाच खर्च एवढा व्हायचा की हातात फार काही उरत नसे. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मोटारी आणि पॅनलची कामं रोजची. म्हटलं, मशीन आपणच बनवू. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान मागवायला सुरुवात केली. वहिनींनी अठरा मखरांच्या ऑर्डरी घेतल्या, निम्म्या लोकांकडून आगाऊ रक्कमही घेतली.

बाकीच्या सामानात मी कुठेही फसलो नाही. २०-२० चं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल, व्ही-चाकं, पावलापावलाने फिरणाऱ्या नेमा १७ च्या मोटारी, जीटी२ पट्टा, वीस दात्यांच्या पुली हे सगळं पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि थोडं ऑनलाइन मिळालं. मशीन चालवणारा बोर्ड, आर्डुइनो उनो, घेतला तो नकली, म्हणजे सीएच३४० चिप असलेला. पण तो नकली म्हणूनच आणि त्याच भावात विकला जातो, आणि काम चोख करतो. त्यावर मोटारी जोडायचं सीएनसी शील्ड आणि ए४९८८ ड्रायव्हर बसवले, आणि मशीन हलवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर भरलं. वीस दात्यांची पुली एका फेऱ्यात ४० मिलिमीटर सरकते, मोटार १६ च्या मायक्रोस्टेपवर (एका पावलाचे सोळा भाग) ३२०० पावलं टाकते, म्हणजे मिलिमीटरला ८० पावलं. तो आकडा भरला आणि पहिल्याच दिवशी पेन लावून काढलेला चौकोन टेपला बरोबर उतरला. स्वस्त वस्तू फसवीच असते असं मी म्हणणार नाही. फसवी ती, जिच्या अंगावर लिहिलेलं खरं नसतं.

लेझर मॉड्यूलची जाहिरात फोनवर दिसली होती. ‘२० वॅट, ४५० नॅनोमीटर, ५ एमएम एमडीएफ एका पासमध्ये’. ४५० नॅनोमीटर ही निळ्या प्रकाशाची तरंगलांबी, आणि पास म्हणजे त्याच रेषेवरून लेझरची एक फेरी. खाली नंबर. माणूस फार गोड बोलणारा. “सर, अ‍ॅक्रिलिक, सनबोर्ड, एमडीएफ, सगळं कापतं. तुम्ही फक्त लावा.” त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात लेझर सरसर फिरतोय आणि लाकडी तुकडे टपाटप खाली पडतायत. पैसे एका वैयक्तिक खात्याच्या यूपीआयवर मागितले. मी पाठवले.

आता मागे वळून पाहताना त्याच्या एका वाक्यातच दोन खोट्या गोष्टी दिसतात. निळ्या डायोड लेझरने (डायोड म्हणजे विजेवर प्रकाश सोडणारी छोटी चिप) पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापलं जात नाही, कारण तो प्रकाश काचेतून जावा तसा त्यातून आरपार निघून जातो. त्यासाठी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा, लेझर लागतो, ज्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते. आणि सनबोर्ड म्हणून जो पीव्हीसी फोमचा पत्रा मिळतो तो लेझरखाली धरायचाच नाही. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आणि मशीनच्या लोखंडालाही गंज आणणारा. मखराच्या धंद्यात सनबोर्ड सर्रास वापरतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. जो विक्रेता “सनबोर्ड पण कापतो” म्हणतो, त्याला एकतर माहीत नाही किंवा तुमच्या जिवाशी देणंघेणं नाही.

मॉड्यूल ११ जूनला आलं. काळा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा), मागे पंखा, बाजूला ‘२० वॅट’चं स्टिकर, सोबत हिरवट चष्मा आणि १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. टेबलावर ठेवून अ‍ॅडॉप्टर लावला, एका फळीवर काळा ठिपका पडला, धूर आला. चालतंय म्हणून डब्यात ठेवून दिलं. फ्रेम अजून व्हायची होती.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच झाली. त्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’ सात दिवसांची होती. मला फ्रेम उभी करायला, पट्टे ताणायला, वायरिंग करायला दीड महिना लागला, कारण काम रात्री आणि रविवारीच. लेझर सगळ्यात महाग आणि सगळ्यात शंकास्पद भाग, आणि तोच मी सगळ्यात आधी मागवला. तो शेवटी घ्यायचा असतो. फ्रेम पेन लावून बिनचूक चालायला लागली की मग. नाहीतर परतीची मुदत डब्यातच संपते, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. पैसे घेताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “मशीन तयार आहे का सर, की बनवताय अजून?”

जुलैच्या शेवटी पहिला मखराचा भाग लावला. मिनिटाला १२० मिलिमीटर एवढा संथ वेग, पॉवर पूर्ण. एका पासमध्ये जेमतेम खाच पडली. सहा पास केल्यावर तीन एमएमचं एमडीएफ आरपार गेलं, आणि कडा कोळशासारख्या काळ्या. एका मखरात चौदा मीटर कटिंग होतं. सहा पासचे चौऱ्याऐंशी मीटर, म्हणजे एका मखराला जवळजवळ बारा तास. अठरा मखर, आणि हातात चार आठवडे.

फोन केला. आधी म्हणाला फोकस चुकलाय. मग लेन्स पुसा. मग “तुमच्याकडचं एमडीएफ लोकल आहे सर.” पुसलं, फोकस शंभरदा लावला, चांगल्या दुकानातून एमडीएफ आणलं. फरक शून्य. मग तो म्हणाला, “तुमचं काम मोठं आहे, तुम्हाला ४० वॅट पाहिजे. एक्स्चेंजमध्ये देतो, वरचे ६,००० द्या, आत्ता २,००० टोकन टाका, स्टॉक संपतोय.” वहिनींचा चेहरा बघवत नव्हता. दादाने त्याच रात्री टोकन पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी मॉड्यूल घेऊन तपकीर गल्लीत गेलो, जिथून मोटारी घेतल्या त्या दुकानात. दुकानदार काकांनी मॉड्यूलकडे नीट पाहिलंही नाही, आधी अ‍ॅडॉप्टर उचलला.

“हा ह्याच्याबरोबरच आला?”

“हो काका.”

“बारा गुणिले दोन किती?”

“चोवीस.”

“चोवीस वॅट आत, आणि वीस वॅटचा उजेड बाहेर? मग हा पंखा आणि एवढा हीटसिंक कशाला लावला असेल त्याने?”

मी तिथे उभ्या उभ्या गार पडलो. निळ्या लेझर डायोडमध्ये जेवढी वीज जाते, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढाच प्रकाश बाहेर पडतो. बाकी सगळी उष्णता. काकांनी पॉवर सप्लायच्या वायरीत मल्टीमीटर लावला, दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. पूर्ण पॉवरवर १.३५ अँपिअर. म्हणजे पंख्यासकट सोळा वॅट आत. बाहेर फार तर पाच.

मी मोटारवाला माणूस, आणि तिथेच माझी नजर चुकली. मोटारीच्या नेमप्लेटवर जो किलोवॅट किंवा एचपी लिहिलेला असतो, तो शाफ्टवर मिळणारा असतो, आत खेचलेला नव्हे. वीस वर्षं तेच वाचत आलो. त्यामुळे लेझरवर २० वॅट लिहिलंय म्हणजे २० वॅट बाहेर, असंच मी धरलं. लेझरच्या बाजारात मात्र कुणी प्रकाशाचे वॅट लिहितो, कुणी विजेचे, आणि माझ्या मॉड्यूलवरचा आकडा तर दोन्हींपैकी कुठलाच नव्हता. सोळाच वॅट खेचणाऱ्या वस्तूवर वीस लिहिलं होतं.

घरी येऊन वीज काढून मी समोरचं नळकांडं उघडलं. आत एकच डायोड, एकच लेन्स. असला एक निळा डायोड साधारण ५ ते ६ वॅट प्रकाश देतो. त्याहून जास्त हवा असेल तर अनेक डायोडचे किरण आरशांनी आणि प्रिझमच्या ठोकळ्याने एकत्र आणावे लागतात. दहाला दोन, वीसला चार. म्हणून खऱ्या वीस वॅटच्या मॉड्यूलला साठ वॅटच्या वर वीज लागते, त्याचा सप्लाय आणि हीटसिंक डोळ्यांना दिसेल इतका मोठा असतो, आणि ते माझ्या मॉड्यूलच्या भावात मिळत नाही. तो व्हिडिओ पुन्हा थांबवून थांबवून पाहिला. त्यातलं मॉड्यूल माझ्यापेक्षा दीडपट उंच होतं. आणि खाली पडणारे तुकडे एमडीएफचे नव्हतेच, ते पांढरट, हलकं बाल्सा होतं, जे पाच वॅटनेही कापलं जातं.

चष्म्याचं सांगताना आजही अंगावर काटा येतो. माझा पुतण्या, वय वर्षं अकरा, तो हिरवट चष्मा घालून दोन संध्याकाळी मशीनजवळ बसला होता. काकांनी तो चष्मा निळ्या एलईडीसमोर धरला. त्यातून निळा उजेड स्वच्छ दिसत होता. ४५० नॅनोमीटरसाठीच्या चष्म्यातून निळा दिवा जवळजवळ विझल्यासारखा दिसायला हवा. आमच्याकडचं ते नुसतं रंगीत प्लास्टिक होतं. त्याच्यावर तरंगलांबीचा आकडा नव्हता, ओडीचा, म्हणजे चष्मा किती प्रकाश अडवतो त्याचा, आकडा नव्हता. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो, ओडी ५ म्हणजे लाखातला एक. पाच वॅटला ओडी ४ लावला तर अर्धा मिलिवॅट उरतो. वीस वॅटला तोच लावला तर दोन मिलिवॅट उरतात, आणि ते कमी नाहीत. अर्ध्या वॅटच्या वरचा प्रत्येक लेझर चौथ्या वर्गात येतो. त्याचा थेट किरण सोडाच, लाकडावरून किंवा भिंतीवरून उसळलेला प्रकाशही डोळा जायबंदी करू शकतो, आणि डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा भरून येत नाही. आम्ही पुतण्याला दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब घालून पडदा तपासला, काही निघालं नाही. तो अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसून काढलेला मी विसरणार नाही. आता मशीनला बंद पेटी आहे, झाकण उघडलं की लेझर बंद करणारा स्विच आहे, आणि मशीन चालू असताना कुणी खोली सोडून जात नाही, कारण एमडीएफ पेटूही शकतं.

विक्रेत्याला मोजमापाचा फोटो पाठवला. “तुम्ही खोललंत सर, वॉरंटी गेली.” टोकनचं विचारलं तर नंबर ब्लॉक. त्याआधी त्याने आमच्या संभाषणातले त्याचे मेसेज पुसून टाकले होते. मी स्क्रीनशॉट काढलेले नव्हते. पार्सलमधल्या कागदावर फक्त ‘लेझर मॉड्यूल, १ नग’. वॅटचा उल्लेख नाही, जीएसटी क्रमांक नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी दाखल शुल्क लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो, म्हणून तीही तयारी चालू आहे. पण हातात कागद काय, तर यूपीआयची पावती आणि स्टिकरचा फोटो. वस्तू हातात आलीच नाही, नुसते पैसे गेले असं झालं असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर फोन करा.

अठरापैकी अकरा मखर आम्ही बाहेरून कापून घेतले, सणाच्या तोंडावरच्या भावाने. सात ऑर्डरींचे पैसे वहिनींनी घरोघर जाऊन परत केले. एक आजी म्हणाल्या, “अगं, पुढच्या वर्षी कर.” वहिनी रिक्षात बसून रडल्या.

जिथे कापून घेतलं त्या कटिंगवाल्यांनी सीओटू ट्यूबबद्दलही सांगितलं, ते इथे देतो. तिथेही हाच खेळ चालतो, पण तिथे टेप लावून बघता येतं. ४० वॅटची काचेची ट्यूब साधारण ७० सेंटिमीटर लांब असते, ८० वॅटची १२० सेंटिमीटरच्या वर. ७० सेंटिमीटरच्या ट्यूबवर कुणी ८० वॅटचं स्टिकर दाखवलं तर तिथून निघायचं. आणि त्या ट्यूबला हजारो व्होल्टचा सप्लाय आणि सतत फिरतं पाणी लागतं, त्यामुळे ते काम पहिलं मशीन म्हणून घरी करू नका, असं मला मनापासून वाटतं.

आता नवीन मॉड्यूल घ्यायचंय. पैसे द्यायच्या आधी मी प्रत्येकाला एकच मेसेज पाठवतो. कुणालाही उचलून वापरता येईल:

‘प्रकाशाचे वॅट किती, विजेचे नव्हे? आत किती डायोड आहेत? पूर्ण पॉवरवर किती व्होल्टला किती अँपिअर खेचतं? हे तीनही आकडे बिलावर लिहून मिळतील का? माल आल्याच्या दिवशी मी मीटर लावून व्हिडिओ पाठवेन, आकडा जुळला नाही तर परत घ्याल का?’

आतापर्यंत सहा जणांना पाठवला. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने “सर टेन्शन नका घेऊ, चालतं” एवढंच लिहिलं. दोघांनी आकडे दिले, आणि त्यातला एक बिलावर लिहून द्यायला तयार आहे.