पहिल्याच पावसाळ्यात सोललेल्या काळ्या बिजागऱ्या

अलिबाग तालुक्यातल्या एका घरात मार्च महिन्यात आठ दरवाजांना चोवीस काळ्या बिजागऱ्या, आठ हँडलं आणि आठ टॉवर बोल्ट बसले. बिलावर लिहिलं होतं ‘एसएस ३०४, मॅट ब्लॅक, पीव्हीडी कोटेड’ (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ ही त्याची एक जात). सोबतच्या गॅरंटी कार्डावर ‘७० मायक्रॉन कोटिंग, १० वर्षं’ असंही होतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गणपतीपर्यंत समुद्राच्या बाजूच्या तीन दरवाजांवर पोपडे धरले. दुकानदाराने सुतारावर ढकललं, सुताराने कोटिंगवाल्यावर, आणि कोटिंगवाला म्हणाला, ‘खारी हवा आहे, आम्ही काय करणार?’

खाऱ्या हवेचा यात वाटा आहे, पण दोष तिचा नाही. या घरात पैसे कशाचे घेतले आणि माल काय दिला, हे सुटलेल्या रंगाच्या एका पोपड्यावरूनच कळतं. तो कसा वाचायचा, हे नवीन घराचं हार्डवेअर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

नखाएवढा पोपडा उचला आणि उलटा करून उजेडात धरा. या बिजागरीच्या पोपड्याची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती आणि खालचं स्टीलही तितकंच चकचकीत. त्यावर एकही ओरखडा नाही, प्रायमरचा राखाडी किंवा पिवळसर थर नाही. म्हणजे कारखान्यातून पॉलिश होऊन आलेल्या बिजागरीवर थेट काळा रंग मारला होता. नीट तयार केलेल्या स्टीलवरून रंग असा पापुद्र्यासारखा सुटत नाही. खरवडला तर भुकटी होऊन निघतो आणि खाली घासल्याच्या बारीक रेषा दिसतात.

स्टेनलेस स्टीलवर रंग मुळातच नाखुशीने बसतो. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि हवेशी संबंध येताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पडदा तयार होतो. हाच पडदा गंज अडवतो आणि हाच रंगाला पकड देत नाही. वरून पॉलिश केलेलं असेल तर रंगाला पाय रोवायला जागाच उरत नाही. दमट हवेत पाण्याची वाफ रंगातून आत शिरते, पकड नसल्यामुळे रंगाखाली पसरते आणि कडेपासून रंग उचलला जातो. कोकणात चार महिने पुरतात. नागपूरला कदाचित दोन वर्षं लागली असती, पण सुटला तिथेही असताच.

आता बिलाकडे या. पीव्हीडी हे निर्वात भट्टीत केलेलं काम असतं. टायटॅनियम किंवा झिर्कोनियमसारख्या धातूची वाफ करून तिच्या संयुगाचा कठीण थर वस्तूवर बसवतात. हा थर साधारण एका मायक्रॉनच्या आसपास, फार तर काही मायक्रॉन असतो. सत्तर मायक्रॉन ही पावडर कोटिंगची, म्हणजे कोरड्या रंगाची पूड उडवून भट्टीत वितळवून बसवलेल्या थराची, जाडी आहे. एकाच वस्तूच्या बिलावर पीव्हीडी आणि कार्डावर ७० मायक्रॉन असेल तर त्यातलं एक निश्चित खोटं आहे, आणि हे माल घरी नेण्याआधीच वाचून कळलं असतं. दर पीव्हीडीचा लावला होता, हे वेगळं सांगायला नको.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. बिजागरीच्या चौकटीला टेकणाऱ्या मागच्या बाजूवर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस पाच मिनिटं ठेवा. साधा स्प्रे रंग असेल तर कापूस काळा होतो. पावडर कोटिंग असेल तर ते मऊ पडतं, झाकोळतं आणि ब्लेडच्या टोकाने उचलता येतं. पीव्हीडीवर ॲसिटोनचा काहीही परिणाम होत नाही आणि ब्लेडखाली त्याचा पापुद्रा निघत नाही.

दुसरी फसवणूक धातूची. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटला नाही की ‘बघा, ३०४!’ हा पुरावा नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ या स्वस्त स्टेनलेस जातीत निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून त्या जागी मँगनीज घातलेलं असतं. चुंबक दोघांनाही धरत नाही. उलट ३०४ चा पत्रा थंड स्थितीत वाकवला असेल तर बिजागरीच्या नळीपाशी तो किंचित ओढलासुद्धा जातो. चुंबकाने फक्त साधं लोखंड आणि ४३० सारख्या, चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसच्या जाती पकडता येतात. ते मात्र जरूर पकडा, कारण या घरात बिजागरीची पानं चुंबकाला चिकटली नाहीत, पण सोबतच्या पाकिटातले काळे स्क्रू टपाटप उडी मारून चिकटले. साधे लोखंडी स्क्रू काळे रंगवून ‘एसएस’ म्हणून दिले होते, आणि दरवाजांवर उतरलेले तांबूस ओघळ त्यांचेच होते.

३०४ आणि २०२ वेगळे ओळखायला भंगारवाले आणि स्टीलचे व्यापारी एक तपासणी द्रावण वापरतात. कोपऱ्यातला रंग घासून उघडा धातू काढायचा, त्यावर एक थेंब टाकायचा आणि नऊ व्होल्टच्या सेलची धन बाजू धातूला, ऋण बाजू थेंबाला काही सेकंद लावायची. मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. शेजारी खात्रीच्या ३०४ चा तुकडा ठेवून दोन्ही रंग एकदम पाहावेत, नाहीतर डोळा फसतो. माल मोठा असेल तर एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या यंत्राने, घटकांचे आकडेच मिळतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर बाहेरच्या दारांना ३१६ घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे ते ३०४ पेक्षा चांगलं टिकतं.

कोटिंगवाल्यांचं आवडतं वाक्य म्हणजे ‘आमच्याकडे सेव्हन टँक आहे’. तेल काढणं, धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेट बसवणं अशी ही टाक्यांची रांग साध्या लोखंडासाठी उत्तम आहे. स्टेनलेसवर मात्र फॉस्फेट बसतच नाही, कारण त्याला धातूशी क्रिया करावी लागते आणि क्रोमियमचा पडदा ती होऊ देत नाही. बिजागरी सातही टाक्यांतून फिरून जशीच्या तशी बाहेर येते. त्यात गंज काढायच्या टाकीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला बारीक खड्डे पाडू शकतं. म्हणून विचारायचा प्रश्न असा: ‘स्टेनलेससाठी ब्लास्टिंग करता का, आणि कशाने?’ ब्लास्टिंग म्हणजे हवेच्या दाबाने कठीण कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं. उत्तर ‘ॲल्युमिनियम ऑक्साइडने’ असं हवं. स्टीलचे छर्रे किंवा लोखंडी कामात वापरलेली ग्रिट असेल तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि रंगाखालून गंजाचे ठिपके वर येतात. तारेच्या ब्रशनेही हेच होतं.

जाडी मोजून दाखवण्यातही गोम आहे. स्वस्त मीटर चुंबकीय तत्त्वावर चालतात, म्हणजे खाली लोखंड असेल तरच ते जाडी सांगतात. ३०४ वर ते काही दाखवत नाहीत किंवा भलतेच आकडे देतात, तिथे एडी करंटचा प्रोब लागतो आणि तोही त्याच धातूच्या कोऱ्या तुकड्यावर शून्य करून घ्यावा लागतो. असा साधा मीटर तुमच्या ‘३०४’ वर पुन्हापुन्हा ७० दाखवत असेल, तर खाली बहुधा ३०४ नाहीच.

आता हे काम खरोखर कसं होतं ते. पद्धत माहीत असली की समोरचा काय गाळतोय हे लगेच लक्षात येतं, आणि जमत असेल तर घरीही करता येतं.

आधी बिजागरी धुवा. गरम पाणी, भांड्यांचा साबण, नायलॉनचा ब्रश. मग स्वच्छ पांढऱ्या कापडाने ॲसिटोन, कापडाची बाजू बदलत. यापुढे हातमोजे घालूनच धरायची, कारण बोटाचं तेल पुरेसं असतं. पाणी ओतून बघा: सगळीकडे सलग पडदा राहिला तर स्वच्छ, थेंब थेंब झाले तर अजून तेल आहे. तेल राहिलेलं असताना घासू नका, ते ओरखड्यांत कोंबलं जातं. मग १२० नंबरचा आणि त्यावर १८० नंबरचा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पॉलिश पेपर, चमक पूर्ण जाईपर्यंत. धारदार कडा कानशीने किंचित गोल करा, रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथेच पातळ पडतो. पुन्हा ॲसिटोन, आणि काही तासांच्या आत प्रायमर.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी हवा. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, इथे नको. डब्यावरच्या प्रमाणात हार्डनर मिसळा, अंदाजपंचे नाही, आणि सांगितलं असेल तितका वेळ मिश्रण मुरू द्या. दोन पातळ हात, वाळल्यावर ३० ते ४० मायक्रॉन. त्यावर दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात, ४० ते ५० मायक्रॉन. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल त्या दिवशी काम करू नका. कोकणात याचा अर्थ जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो नाहीच. रंग हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला सात दिवस जातात. सुतार दुसऱ्या दिवशी बसवायला मागतो. त्याला थांबवा.

रंग किती लागतो याचाही हिशेब ठेवा. चार बाय तीन इंचाची उघडलेली बिजागरी दोन्ही बाजूंनी साधारण १५५ चौरस सेंटीमीटर भरते, चोवीस मिळून ०.३७ चौरस मीटर. वाळून ५० मायक्रॉन थर हवा आणि रंगात निम्मा द्रव उडून जाणारा असेल, तर जेमतेम ३७ मिलिलिटर लागतात. छोट्या वस्तूंवर स्प्रेचा निम्म्याहून जास्त रंग हवेत जातो हे धरलं तरी शंभर मिलिलिटरमध्ये काम होतं. एवढ्या कामासाठी कोणी लिटरच्या हिशेबात रंग लावत असेल तर डबे मोजून मागा.

पावडर कोटिंग करायचं असेल तर साधारण १८० ते २०० अंशाला दहा मिनिटं, पण ही मिनिटं धातू त्या तापमानाला पोचल्यापासून मोजायची, भट्टीचं दार लावल्यापासून नाही. घाईत काढलेला माल दिसायला सारखाच असतो आणि नखाने सुटतो. उन्हातल्या दारांना पॉलिस्टर पावडर सांगा, शुद्ध इपॉक्सी उन्हाने पांढुरका पडतो.

बिजागरीची नळी आणि पिन झाकूनच रंगवायची, नाहीतर पहिल्या उघडझापीत तिथला थर फुटतो. आट्यांवर तर रंग नकोच. ६० अंशांच्या आट्यांवर थर जितका जाड, त्याच्या चौपट स्क्रूचा पिच व्यास (आट्यांच्या मधल्या उंचीवर मोजलेला व्यास) वाढतो. ६० मायक्रॉनच्या कोटिंगने पाव मिलिमीटरच्या जवळपास. नट जात नाही, मग ते जबरदस्तीने फिरवतात आणि रंगासकट आटे जातात. लाकडाच्या स्क्रूंची फक्त डोकी रंगवा, पुठ्ठ्यात टोचून. थर्मोकोल वापरू नका, थिनरने ते विरघळतं. दिवसातून पन्नास वेळा हात लागणारं हँडल, लॅचची जीभ, जमिनीवरचा स्टॉपर यांवर रंग कितीही चांगला असला तरी झिजतो. तिथे खरं पीव्हीडी घ्या किंवा स्टीलच ठेवा.

ज्यांच्या घरी आधीच पोपडे धरलेत त्यांनी वरून नवा हात मारू नये. उरलेला रंगही तितकाच सैल असतो. पेंट रिमूव्हरने सगळा काढून पहिल्यापासून करायचं.

आणि पैसे परत मागायचे असतील तर आधी कागद आणि माल जपा. पक्कं बिल, गॅरंटी कार्ड, बसवल्याची तारीख, पोपड्यांचे फोटो, न बसवलेली एखादी बिजागरी तशीच. लेखी तक्रार दुकानदाराकडे करा, कारण पैसे त्याने घेतलेत. कोटिंगवाल्याशी तुमचा व्यवहार नाही. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं, आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सुटलेला एक पोपडा तारीख टाकलेल्या लिफाफ्यात, आतली गुळगुळीत बाजू न घासता, ठेवून द्या.