पुस्तक भिशीसाठी कोणती रहस्यकथा: १९२१ची मुंबई की १९९२चं टोकियो?

यंदा आमच्या गंगापूर रोडच्या पुस्तक भिशीत ठरलंय, देश समजून घ्यायचा तो रहस्यकथेतून. गाडी दोन नावांवर अडली आहे: सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) आणि मियुकी मियाबे यांची ‘ऑल शी वॉज वर्थ’ (मूळ जपानी, १९९२). ज्यांचं मत अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी हे.

मॅसींची परवीन मिस्त्री वडिलांच्या पेढीत वकिली करते. पण साल १९२१. बायकांना वकिलीची सनद देणारा कायदा आला १९२३ला. त्यामुळे कागद ती तयार करणार आणि कोर्टात उभे राहणार वडील. इकडे मलबार हिलच्या बंगल्यात मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, मेहेरवर (निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेल्या रकमेवर) पाणी सोडायला निघाल्यात, आणि परपुरुषाला आत मज्जाव. कोर्टात आडवं येणारं बाईपण इथे दार उघडतं. कथानकच या नियमावर उभं असल्याने इतिहास वरून भुरभुरवल्यासारखा वाटत नाही.

परवीनच्या कलकत्त्याच्या सासरी पाळी आली की तिला वेगळ्या खोलीत एकटं ठेवतात. कावळा शिवला म्हणून आपल्या आज्याही बाहेर बसायच्या, पण पुढारलेल्या म्हणवणाऱ्या पारशी घरातलं हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सुटका तरी कुठे? १८६५च्या पारशी विवाह कायद्यात नवऱ्याचं वेश्येकडे जाणं एवढ्यावर बायकोला घटस्फोट मिळत नसे.

परवीन बेतलीय ती दोन खऱ्या वकील बायकांवरून, मिठन लाम आणि कॉर्नेलिया सोराबजी. सोराबजींचा जन्म १८६६चा, आपल्या नाशिकचा! ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ला दिली, पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. खटकतं एवढंच की परवीन मधूनच आजच्या मुलीसारखी बोलते.

मियाबेंचं तसं नाही. त्यांनी स्वतःच्या काळाबद्दल, त्याच काळात लिहिलंय. जखमी होऊन रजेवर असलेला विधुर पोलीस होन्मा नात्यातल्या एका तरुणाची होणारी बायको शोधतोय. क्रेडिट कार्डाचा अर्ज भरला, जुनी दिवाळखोरी बाहेर आली आणि मुलगी गायब. मारामाऱ्या जवळपास नाहीतच. सगळा माग कागदांचा. जमिनीचा सातबारा असतो तशी तिथे कुटुंबाची ‘कोसेकी’ असते. जन्म, लग्न, मृत्यू सगळं एकाच नोंदीत. नवरा-बायकोला कायद्यानेच एक आडनाव घ्यावं लागतं आणि बदलते बहुतेक वेळा बायकोच. या नोंदींनी काय घोळ होऊ शकतो, ते सांगून मजा घालवत नाही. होन्माच्या घरचं काम बघणारे इसाका हे मात्र पुरुष आहेत, आणि लेखिका त्याचा गाजावाजा करत नाही.

एक वकील कर्जाचं चक्र समजावून सांगतो ती पानं काहींना जड जातील. घराचा हप्ता चालू असलेल्यांनी ती वगळू नयेत.

भिशीत एकच पुस्तक घ्यायचं तर माझं मत मियाबेंना. मॅसी आपल्याला आधीच थोडं माहीत असलेलं छान उलगडून दाखवतात. जपानबद्दल आपल्याला बुलेट ट्रेन आणि शिस्त यापलीकडे फारसं ठाऊक नसतं. पण बायकांचे हक्क हाच चर्चेचा विषय हवा असेल, किंवा गटात कुणी वकील असेल, तर मॅसीच घ्या. शिवाय त्यांची मालिका आहे. परवीनची पुढची गोष्ट सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडते, तीही भर पावसाळ्यात.