भाजल्यानंतर आखडलेल्या कोपराची शस्त्रक्रिया : बडोद्यातील आमचा अनुभव

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत चकल्या तळताना माझ्या थोरल्या वहिनींच्या साडीने पेट घेतला आणि त्या 35 टक्के भाजल्या. जखमा भरल्या, उजव्या हाताला मांडीची त्वचा लावली गेली आणि संकट टळले असे वाटत असतानाच, तिसऱ्या महिन्यात त्यांचे उजवे कोपर आखडू लागले. कातडी आकसली असेल, अशीच आम्हा सर्वांची समजूत होती. ज्या फिजिओथेरपी केंद्रात आम्ही प्रथम जात होतो, तेथे हात जोर लावून ताणत असत. वहिनी कळवळत, कोपर सुजे आणि दुसऱ्या दिवशी ते आणखीच कमी वाके. दोन महिने हे चालले, पण एक एक्स-रे काढून पाहावा असे तेथे कोणालाही सुचले नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे बडोद्यातीलच एका खासगी रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. (वहिनींच्या इच्छेवरून रुग्णालयाचे नाव लिहीत नाही.) त्यांनी कोपर हातात घेऊन हळूच हलवले, करंगळीला बधिरपणा आहे का हे विचारले आणि लगेच एक्स-रे व सीटी स्कॅन करायला सांगितले. सांध्याच्या मागच्या-आतल्या बाजूला, जेथे हाड असायलाच नको तेथे, दंडाच्या हाडापासून पुढच्या हाताच्या हाडापर्यंत नव्या हाडाचा पूल तयार झाला होता. याला हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात. मोठ्या भाजण्यानंतर काही रुग्णांना ते होते आणि त्यात कोपर सर्वांत जास्त वेळा सापडते. करंगळीकडे जाणारी अल्नर नस त्या हाडात दाबली गेली होती.

या सेवेचे खरे मोल मला ठरते ते येथे. असे हाड पूर्ण पक्के होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष थांबण्याची जुनी पद्धत आहे, परंतु नस दाबली जात असताना थांबल्यास हाताची ताकद कायमची जाऊ शकते आणि न हलणाऱ्या सांध्याची कूर्चाही (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) झिजते, हे डॉक्टरांनी भावाला आणि मला कागदावर आकृती काढून समजावले. तरीही त्यांनी घाई केली नाही. कोपरावर लावलेली त्वचा नीट रुजेपर्यंत ते थांबले, कारण कच्च्या त्वचेवर छेद घेतला तर जखम उघडी पडून सांधाच उघडा होण्याची भीती असते. भाजल्यानंतर नवव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली.

ती साडेतीन तास चालली. आधी नस मोकळी करून पुढच्या बाजूला सरकवली, मग हाड काढले आणि शेवटी सांध्याचे घट्ट झालेले आवरण सोडवले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमधील तुकडे दाखवले. सर्वांत मोठा सुपारीच्या खांडाएवढा, पांढरट आणि खडबडीत होता, आणि त्याच्या एका कडेला नसेची पन्हळ स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी, ड्रेन (जखमेतील स्राव बाहेर काढणारी नळी) अंगावर असतानाच, व्यायाम सुरू झाला. येथील फिजिओथेरपिस्ट ताई गुजराती, पण "मावशी, तुम्ही वाकवा, मी फक्त हात धरते," असे मोडक्या मराठीत म्हणून वहिनींना स्वतः हात हलवायला लावत. हाड पुन्हा वाढू नये म्हणून सहा आठवडे इंडोमेथॅसिन हे सूज-वेदना कमी करणारे औषध दिले, सोबत पोटासाठी गोळी होती आणि मूत्रपिंडाची तपासणी आधीच करून घेतली होती. हाड पुन्हा वाढू नये यासाठी काही ठिकाणी किरणोपचारही करतात, पण वहिनींच्या भाजलेल्या त्वचेचा विचार करून डॉक्टरांनी तो टाळला.

आधी कोपर 75 ते 95 अंशांत (हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश) अडकलेले होते, म्हणजे हालचाल जेमतेम 20 अंशांची. आता, वर्षभरानंतर, ते 30 ते 125 अंशांपर्यंत हलते. रोजच्या कामांना साधारण 100 अंशांची हालचाल लागते, तेवढी जवळजवळ मिळाली आहे. चौथ्या आठवड्यात वहिनींनी वरणभाताचा घास स्वतःच्या हाताने तोंडात घातला, तेव्हा आमच्या दांडिया बाजारच्या घरात कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. नऊ महिने त्यांना दुसऱ्याच्या हातून जेवावे लागले होते, आणि त्या बाईने आयुष्यभर साऱ्या घराला वाढलेले आहे.

तक्रारी आहेत, त्याही सांगतो. सुरुवातीच्या अंदाजपत्रकात तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीचा खर्च धरलेलाच नव्हता, आणि या आजारात शस्त्रक्रियेइतकाच तो भाग अटळ असतो. व्यायामाची खोली फक्त सकाळी उघडी असल्याने पुतण्याला रोज कामावर उशिरा जावे लागे. बाह्यरुग्ण विभागात दीड-दोन तास बसावे लागले, ते मात्र मला खटकले नाही, कारण आत गेल्यावर डॉक्टर घड्याळ पाहत नसत.

करंगळीच्या टोकाला थोडा बधिरपणा अजून आहे. नस किती सावरेल याची हमी देता येणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच वहिनींना समोर बसवून सांगितले होते.