तीन इंचांचा सोमवार: फ्लिकरवरच्या फोटो चॅलेंज ग्रुपांविषयी

फोटो चढवून लोकांना दाखवायचं संकेतस्थळ फ्लिकर अजून चालू आहे का, असं विचारणारे बरेच भेटतात. चालू आहे. २००४ साली सुरू झालं, पुढच्याच वर्षी याहूनं विकत घेतलं, २०१८मध्ये स्मगमग या फोटो साठवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. एवढे मालक बदलूनही त्यातला एक कोपरा ठणठणीत राहिलाय, तो म्हणजे ठरावीक विषय देऊन फोटो मागवणारे ग्रुप. हा रिव्ह्यू फक्त त्या ग्रुपांचा. फ्लिकरच्या बाकी गोष्टींत मला फारसा रस नाही.

माझी गरज साधी होती. कामानिमित्त फिरणं होतं, फिरताना फोटो काढले जातात आणि मग ते गाव-तारखेच्या फोल्डरांत पडून राहतात. घरच्यांना दाखवायला घेतले की दहाव्या फोटोला त्यांचं लक्ष उडतं, त्यात त्यांचाही दोष नाही. रोजच्या फोटोंचं तर त्याहून अवघड. खिडकीच्या गजावरचा गंज कुणाला आणि कशाला पाठवायचा? विषय ठरलेला असला की या दोन्ही प्रकारच्या फोटोंना जायला एक जागा मिळते.

पद्धत सोपी आहे. ग्रुपचे ॲडमिन विषय जाहीर करतात, आपण फोटो स्वतःच्या खात्यावर चढवायचा आणि मग त्या ग्रुपमध्ये जोडायचा. फोटो आपल्याच खात्यात राहतो, ग्रुपमध्ये फक्त दिसतो. कुणी किती फोटो टाकायचे यावर ॲडमिन मर्यादा घालू शकतात, आणि काही ग्रुपांत प्रत्येक फोटो तपासूनच आत घेतात. ‘फ्लिकर फ्रायडे’ हा ग्रुप कंपनीचा स्वतःचा. बाकी बहुतेक सगळे हौशी लोक चालवतात, पगाराशिवाय, आणि वर्षानुवर्षं न कंटाळता.

मला सगळ्यात आवडलेला ग्रुप ‘मॅक्रो मंडेज’. मॅक्रो म्हणजे छोट्या वस्तूचा अगदी जवळून काढलेला फोटो. दर आठवड्याला एक विषय, फोटो टाकायचा तो सोमवारी, आणि एक अट: फ्रेममध्ये येणारा भाग कोणत्याही बाजूनं तीन इंचांपेक्षा जास्त नको. म्हणजे ७.६ सेंटिमीटर, आणि भोवतालची मोकळी जागा धरून. वस्तू छोटी आहे पण आजूबाजूला अर्धं टेबल दिसतंय, असं चालत नाही.

ही अट वाचून लोक ‘माझ्याकडे मॅक्रो लेन्स नाही’ म्हणून परत फिरतात. गरज नसते. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, आणि मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ७६ मिलिमीटरचा भाग मावायला हवा, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्म्याहून थोडी कमी उमटली तरी चालतं. त्याहून लहान असा एपीएस-सी सेन्सर असेल तर साधारण ०.३ पट पुरे. लेन्सच्या माहितीपत्रकात या पटीचा, म्हणजे कमाल मॅग्निफिकेशनचा आकडा असतोच, तो बघायचा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्सपैकी कितीतरी तिथवर पोचतात किंवा अगदी जवळ जातात. फोनवाल्यांनी हिशेबाच्या भानगडीत पडू नये. टेबलावर पट्टी ठेवायची, फोन जवळ न्यायचा आणि पट्टीचे साडेसात सेंटिमीटर फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरतात का ते पाहायचं. मग पट्टी काढून वस्तू ठेवायची.

खरी अडचण फोकसची. इतक्या जवळून फुल फ्रेमवर लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. एकदा बंद होणाऱ्या वस्तूंचा विषय घेऊन मी प्रवासी बॅगेची चेन टिपायला बसले. रनरवर फोकस घेतला तर मागचे दात विरघळतात, दातांवर घेतला तर रनरचा नुसता चकाकता डाग. शेवटी बॅग भिंतीला उभी टेकवली आणि चेन लेन्सला समांतर आणली, तेव्हा कुठे दोन्ही एका पातळीत आले. खिडकीतून तिरपा उजेड पडत होता. त्यात दिसलं की रनरच्या एकाच बाजूचा रंग उडालाय, कारण चेन मी नेहमी उजव्याच हातानं ओढते. इतकी वर्षं खांद्याला असलेल्या बॅगेबद्दल हे मला माहीतच नव्हतं! फोटो म्हणून तो ठीकठाकच आला, पण असं बघायला भाग पाडणं हेच या ग्रुपचं काम आहे आणि ते तो चोख करतो.

कमेंटकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. हे खेळीमेळीचं ठिकाण आहे. ‘छान’, ‘कल्पक’, सोमवारच्या शुभेच्छा, एवढ्यावर गाडी थांबते. फोटोत काय चुकलं हे सांगणारं माणूस हवं असेल तर ते दुसरीकडे शोधावं. मला स्वतःला याचं काही वाटत नाही. आठवडाभर घासूनपुसून काढलेल्या फोटोखाली कुणी तिऱ्हाईतानं शिकवणी घ्यावी, अशी माझी हौस नाही.

विषयांबद्दल माझं ठाम मत झालंय. ‘आनंद’, ‘एकांत’, ‘स्वातंत्र्य’ असले विषय आले की तो आठवडा मी सोडून देते. एकांत म्हटलं की शंभरातले नव्वद जण क्षितिजाकडे तोंड करून पाठमोरे उभे. स्वातंत्र्य म्हटलं की पक्षी. याउलट ‘कडा’, ‘काहीतरी दुमडलेलं’, ‘दोन रंग’ असा कोरडा, हातात धरता येणारा विषय द्या आणि गंमत बघा. दुमडलेल्यात कुणी नकाशा आणतं, कुणी कानाची पाळी, कुणी छत्रीच्या काड्या. भावना विषयातच भरून दिली की फोटोत आणायला काही उरत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

प्रवासाच्या फोटोंना या ग्रुपांचा फायदा वेगळ्या रीतीनं होतो. जुने फोटो चालणारे ग्रुपही आहेत (नियम आधी वाचावेत, कारण बऱ्याच ठिकाणी त्याच आठवड्यात काढलेला फोटो लागतो). अशाच एका ग्रुपसाठी ‘दुरुस्ती’ विषयावर मी हार्ड डिस्क उपसायला घेतली. एरवी फोल्डर एकेका सफरीचे. इथे पहिल्यांदाच सगळ्या सफरींमधून आडवं जावं लागलं. आणि सापडलं काय? तारेनं बांधलेला बाक, चिकटपट्टी लावलेली बसची सीट, तुटलेल्या मुठीच्या जागी ठोकलेलं लाकूड, वेगवेगळ्या पत्र्यांची ठिगळं लावलेलं एक दार. मी वर्षानुवर्षं डागडुजीचे फोटो काढत आलेय, हे मलाच ठाऊक नव्हतं. प्रेक्षणीय स्थळांचे फोटो त्यांच्याशेजारी अगदी पाहुण्यासारखे दिसायला लागले. त्यानंतर कुठेही गेले की नजर आधी जोडांकडे, टाक्यांकडे, सांध्यांकडे जाते. सोबत फिरणारी माणसं वैतागतात, तो भाग वेगळा.

ताजा फोटो मागणाऱ्या ग्रुपांसाठी एक कामाची गोष्ट. फोटो कधी काढला हे फाइलमधल्या एक्झिफ माहितीत असतं आणि फ्लिकर ती फोटोखाली दाखवतं. फोनमधला फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून स्वतःलाच पाठवून संगणकावर घेतला, की ती माहिती गळून पडते आणि फोटोही लहान होतो. केबलनं घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

त्याच एक्झिफमध्ये ठिकाणही असू शकतं. रोजचे फोटो टाकणाऱ्यांनी याकडे नीट बघावं, कारण ‘खिडकीतून दिसणारं’ या विषयाचा फोटो म्हणजे नकाशावर आपल्या घराची खूण ठरू शकते. फ्लिकरमध्ये ठिकाण लपवायची सोय आहे, शिवाय जिओफेन्स म्हणून एक प्रकार आहे: नकाशावर घराभोवती वर्तुळ आखायचं, मग त्या आतल्या फोटोंचं ठिकाण आपण ठरवू त्यांनाच दिसतं. प्रवासाचे फोटो मी परत आल्यावरच टाकते. घर बंद असल्याची जाहिरात कशाला?

मतांवर चालणारा प्रकारही करून पाहिला. ॲपचं नाव घेत नाही. तिथे आपला फोटो लोकांपुढे यावा म्हणून आधी दुसऱ्यांच्या फोटोंना मतं देत बसायचं. हात थांबला की आपला फोटो मागे पडतो, आणि पैसे भरले की पुढे ढकलला जातो. मी बसमध्ये, रांगेत, झोपण्याआधी नुसती बोटं चालवत होते. एका फोटोवर क्षणभरही नजर ठरत नव्हती. जिंकायचे तेही त्याच छापाचे: भडक सूर्यास्त, निळे डोळे, पाण्यातलं प्रतिबिंब. बॅगेच्या चेनला तिथे कुणी विचारलं नसतं. ॲप काढून टाकलं. काढायच्या आधी खातं बंद करायचं बटण शोधण्यात संध्याकाळ गेली, हे त्या मंडळींच्या कौशल्याला साजेसंच.

फ्लिकरच्या ग्रुपांत मतदान नाही म्हणून ज्यांना मिळमिळीत वाटेल, त्यांनी विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रभांडारावरचं फोटो चॅलेंज पाहावं. दर महिन्याला विषय असतात, मुदत संपली की सदस्य मतं देतात, पैशांचा संबंध नाही. तिथे टाकलेला फोटो विकिपीडियावरच्या लेखात लागू शकतो, हा मोठाच मान. पण फोटो मुक्त परवान्याखाली द्यावा लागतो आणि तो परवाना नंतर मागे घेता येत नाही. कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, तो वापरू शकतं. आपल्या नावाचा उल्लेख झाला म्हणजे झालं. घरातल्या माणसांचे फोटो तिथे टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा. प्रवासातल्या इमारतींचा आणखी एक पेच आहे. काही देशांत इमारतीच्या किंवा रोषणाईच्या रचनेवर स्वामित्वहक्क चालतो. आयफेल टॉवर दिवसाउजेडी टिपला तर हरकत नाही. रात्रीची रोषणाई हा मात्र संरक्षित मामला आहे. स्मारकांची आवड असेल त्यांच्यासाठी ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही फोटो स्पर्धा आहे, २०१०मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेली आणि आता अनेक देशांत दर सप्टेंबरला होणारी.

फ्लिकरवर परवाना आपण निवडतो, सर्व हक्क राखीव ठेवता येतात. मला तेच बरं वाटतं.

आता पैशांचं. २०१९पासून फुकट खात्यावर एक हजारच फोटो आणि व्हिडिओ ठेवता येतात. त्यापुढे पैसे भरून प्रो खातं घ्यावं लागतं. शिवाय २०२२पासून फुकट खात्यात खाजगी फोटोंची मर्यादा पन्नास. म्हणजे घरचा अल्बम साठवायला हे फुकट खातं निरुपयोगी. चॅलेंजसाठी मात्र पुरेसं आहे, कारण आठवड्याला एक फोटो धरला तर हजार भरायला एकोणीस वर्षं लागतील. तेवढी वर्षं फ्लिकर टिकेल यावर मी पैज लावणार नाही. वाचकांचे फोटो घेणारं नॅशनल जिओग्राफिकचं ‘युअर शॉट’ २००६मध्ये सुरू झालं होतं आणि एवढं नाव पाठीशी असूनही २०१९मध्ये ते संकेतस्थळ बंद झालं. म्हणून मूळ फाइली माझ्याकडे दोन हार्ड डिस्कवर असतात आणि फ्लिकरवर जातात त्या फक्त प्रती.

तर माझे पाचपैकी साडेचार तारे ‘मॅक्रो मंडेज’ला, आणि ‘फ्लिकर फ्रायडे’ला साडेतीन, कारण तिथले विषय कधी कधी पक्षी आणि क्षितिजाच्या वाटेला जातात. प्रो खातं मी घेतलेलं नाही. सुरुवात करायची असेल तर आधी ग्रुपचे नियम आणि मागच्या महिन्याभरातले फोटो बघून घ्या. नियम मोठे आणि ॲडमिन खडूस वाटले, तर बिनधास्त तिथेच नाव घाला. ढिल्या ग्रुपांत सगळे सूर्यास्तच टाकतात.