मानवी हक्कांचा कार्ड-संच, नववीच्या वर्गात दोन महिने वापरून

मी नववीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन म्हणून फळ्यावर दोन ओळी लिहायच्या, एक भाषण, टाळ्या, झालं. यंदा ठरवलं की असं नाही करायचं, म्हणून हा मराठी कार्डांचा संच ऑनलाईन मागवला, ४५० रुपये, स्वतःच्याच पैशातनं. अर्ध्या कार्डांवर प्रसंग, अर्ध्यांवर हक्क, आणि पाच-पाच जणांच्या गटाने जोड्या लावायच्या.

सगळ्यात जास्त रंगलं ते महाडचं कार्ड. चवदार तळं, २० मार्च १९२७. तळं सगळ्यांना खुलं असा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला, तरी दलितांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तिथं जावं लागलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, मॅडम कागदावर होतं ना मग अडवलं कसं? अख्खा तास त्याच्यावरच गेला आणि मी जाऊ दिला. पुढचं कार्ड निघालं 'शाळेतल्या मुलींच्या टॉयलेटला कडी नाही'. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण आमच्याकडे तेच आहे, एक जण बाहेर दार धरून उभी राहते तेव्हा दुसरी आत जाते, आणि मी इतकी वर्षं तिथंच शिकवते पण मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मुलींनी त्याच दिवशी हेडसरांना अर्ज लिहिला, २३ सह्या.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसा मेहतांचं कार्डही छान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात इंग्रजीत 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बाईंनी 'सर्व माणसं' असे करायला लावले. मुलींना हे फार आवडलं.

आता जे खटकलं ते. प्रत्येक कार्डाच्या मागे शेवटी 'पण आधी कर्तव्य पाळा' असं छापलंय. का? मार न खाण्याचा हक्क गृहपाठ केला तरच मिळतो का? मूलभूत हक्क राज्यघटनेत पहिल्यापासून आहेत, कर्तव्यं आली १९७६ ला, आणि हक्क मिळायला ती पाळलेली असावीत असं घटनेत कुठंच म्हटलेलं नाही. मी त्या ओळींवर सरळ पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. दुसरं म्हणजे मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वयाचाच आहे हे कार्डावर आहे, पण मग १५ वर्षांच्या पोराने काय समजायचं यावर एक शब्द नाही, आणि पोरं नेमकं तेच विचारतात.

कार्डांचा कागद पातळ आहे, कडा आत्ताच दुमडल्यात, लॅमिनेशन करून घ्या. १०९८ चाईल्डलाईनचं, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या मदतीच्या फोन नंबरचं कार्ड मात्र मी वर्गात दाराशेजारी लावून टाकलंय. आठवी-नववीला जरूर घ्या, पाचवीच्या मुलांना भाषा जड जाईल. पाचपैकी चार स्टार.

अपडेट: कडी बसली, पण एकाच दाराला. दुसऱ्यासाठी मुलींनी परत अर्ज दिलाय.